पाचवी बासरी

मी पाचवी बासरी बोलतेय. पॅरिसमध्ये एकाच ओंडक्यातून आम्ही पाच बहिणी घडलो. आमच्या पाचजणींसाठी लिहिलेल्या रचनांत दुसरं वाद्य नसतं. वरच्या चौघी गप्पा मारतात, आणि मी खालच्या सुरांत बसून हुंकार देते. माझ्याकडे कुणाचं लक्ष नसतं, पण मी थांबले की त्यांच्या गप्पा लंगड्या पडतात.

माझा मालक आन्सेल्म, घड्याळजी. रविवारी प्रार्थना आटोपली की तो मला कोटात घालून फिलिबेरच्या घरी जायचा. फिलिबेर दारूचा व्यापारी, पहिली बासरी त्याची. नदीवरचं धुकं खिडकीशी यायचं, पाच श्वास एकमेकांत मिसळायचे, आणि आपण कुठल्या बोटांखाली आहोत हेही मला आठवेनासं व्हायचं. फार सुखाचे दिवस होते ते.

मग आन्सेल्मच्या छातीत खोकला बसला. शेजारच्या गल्लीत चेलो हे खर्जातलं तंतुवाद्य वाजवणारा एकजण होताच. खालचे सूर त्याला दिले की आपली गरज संपली, ही धास्ती आन्सेल्मला झोपू देईना. म्हणून तो नुसती बोटं हलवू लागला. माझ्यात फुंकर येईना. माझे सूर मुळातच दबके, कुणाला पत्ता लागणार नाही असं त्याला वाटलं. मला मात्र लाज वाटायची.

एकदा संथ भागात त्याची बोटंही थांबली. तरी हुंकार चालूच होता. चौथी बासरी खाली उतरून माझे सूर घेत होती, आणि तिचे सूर दुसरी सांभाळत होती.

वाजवून झाल्यावर आन्सेल्मने हळूच विचारलं, "कधीपासून?"

"नाताळापासून," फिलिबेर म्हणाला. "घड्याळजी ना तू? इतक्या उशिरा कळलं?"

"मग त्या चेलोवाल्याला का नाही बोलावलं?"

"कागदावर पाच बासऱ्या लिहिल्यात. चेलो कुठं लिहिलाय?"

त्यानंतरही आन्सेल्म दर रविवारी मला ओठांशी धरून बसायचा. त्याच्या शेवटच्या रविवारी वाजवणं संपलं, तेव्हा फिलिबेर कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "आन्सेल्म, शेवटचा सूर जरा लांबवलास हं." आन्सेल्म खोकला येईपर्यंत हसला.

आता मी एका कपाटात आहे. लाकूड सुकलंय, फुंकर घातलीत तर तडकेन. पण कुठे चौघं वाजवायला बसली असतील, तर मला तिथे घेऊन जा. गप्प राहून साथ द्यायला मी शिकलेय.