फाइलीतली प्रत

टायपिस्ट वादिराजांनी निवेदनातल्या जखमींच्या आकड्यासाठी सोडलेल्या रिकाम्या जागेत ‘सतरा’ लिहिलं आणि कागद मंत्र्यांच्या हातात दिला. त्या सतरा जखमींतली एक त्यांचीच पोर, समोरच्या खाटेवर, उजवा हात प्लॅस्टरमध्ये. मंत्र्यांना हे ठाऊक नव्हतं. सांगायचं तरी कुठल्या तोंडानं?

अण्णा नगरच्या इस्पितळातल्या त्या वॉर्डातच मंत्र्यांनी कॅमेऱ्यांपुढं वाचलं. मोर्चा शांत होता, पण दुपारी बाहेरचे गुंड घुसले, दगड आले, पोलिसांचा नाइलाज झाला. मग खाटेखाटेवर फळांची पिशवी ठेवून ते निघून गेले.

गटारात उतरून मेलेल्या सफाई कामगारांच्या बायका न्याय मागायला निघाल्या होत्या, वादिराजांची पोर हरिणी त्यांच्याबरोबर चालत होती. शाळेतली मास्तरीण ती. झुरळाला भिते, दगड कसला मारणार!

“अप्पा, गुंड कुठं होते? आम्ही खाली बसलेलो होतो की.”

वादिराजांनी तिच्या खाटेवरची फळांची पिशवी उचलून खाली ठेवली.

“तुम्हीच लिहिलं काय हे?”

“होय.”

“कधी?”

तीस वर्षं कचेरीचा रिवाज एकच. मोर्चा असला की सकाळीच दोन निवेदनं टाइप करायची. एक शांततेबद्दल आभाराचं, दुसरं गोंधळाचं. दुसरं बहुतेक वेळा टोपलीत जायचं. आज वरून एकच मागितलं गेलं, दुसरं. तेवढंच काम वाचलं म्हणून वादिराज खूश झाले होते. आणि नऊला हरिणीनं फोनवर “धोका नाही ना?” विचारलं, तेव्हा म्हणाले होते, “खुशाल जा गं.”

“तुझ्या फोनच्या आधी,” ते म्हणाले. “मला कळायला हवं होतं, बाळ.”

हरिणीनं भिंतीकडं तोंड फिरवलं.

दारात पत्रकार प्रती मागत होते. वाटायच्या प्रतींचा गठ्ठा पिशवीत होता. फाइलीची प्रत मात्र खिशात, आणि तिच्याच कोपऱ्यात टाइप करणाऱ्याचं नाव आणि वेळ घालायची पद्धत. निवृत्तीला चार महिने उरले होते.

त्यांनी खिशात हात घातला.

“ही घ्या. खालचा कोपरा नीट वाचा.”

“वादिराज, सकाळी आठ चाळीस,” पत्रकार मुलीनं वाचलं आणि वर पाहिलं. “सर, मोर्चा निघाला किती वाजता?”

वादिराजांनी खाटेकडं पाहिलं.

“अकराला,” खाटेवरून हरिणी म्हणाली. तोंड अजून भिंतीकडंच होतं.