चौकीच्या दारावरचा दिवा

मी चौकीच्या दारावरचा लाल दिवा बोलतोय. उत्तर जपानातल्या एका मासेमारी बंदरातली ही पोलीस चौकी. माझी काच जाड आहे, अजून तडा नाही. कुणी कीव करू नये.

आमच्याकडे रीत होती. रस्त्यात काही सापडलं की चौकीत आणून द्यायचं. छत्री, हातमोजा, एकदा तर कवळी. वाट चुकलेली माणसंही. तोकुमारू म्हातारा, पूर्वीचा न्हावी, आपलं घर विसरायचा. ज्याला दिसेल तो त्याला हाताला धरून माझ्याखाली आणायचा.

जमादार कुसाकाबे चहा पुढे करायचे. "बसा काका. आज कुणाची हजामत राहिली?"

"तुझीच! रान माजलंय डोक्यावर."

मग ते त्याला घरी पोहोचवायचे. आणणाऱ्याचं बोलणं आधी पुरतं ऐकायचे. ते निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी हिरुकावा आला.

टोफू विकणारी साकिएबाई एकदा सापडलेली पर्स घेऊन आली.

"उघडलीस कशाला?"

"नाव बघायला, साहेब."

"काढलंस काय, ते बोल."

त्यानं तिची पिशवी टेबलावर उपडी केली. काचेच्या दारातून सगळी गल्ली बघत होती. टोफूचा डबा लवंडला, पाणी फरशीभर झालं. निघालं काहीच नाही.

"जा आता. आणि पाणी पुसून जा."

तिनं पुसलं. तेव्हापासून हरवलेल्या छत्र्या रस्त्यातच भिजू लागल्या.

हिवाळ्यातली संध्याकाळ. मला नुकतंच लावलं होतं. बर्फ भुरभुरत होतं. साकिएबाई तोकुमारूची बाही धरून कोपऱ्यापर्यंत आली. त्याच्या पायात घरातल्या सपाता. तिची हातगाडी मागे रस्त्यात उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग काचेतून आत हिरुकावाकडे. पाऊल तिथंच थांबलं.

"उद्या विचारेल, म्हाताऱ्याला कुठून उचललंस," ती पुटपुटली. आपला निळा गळपट्टा त्याच्या गळ्यात गुंडाळला, त्याला वळवलं. "काका, घर त्या तिथं. दुसऱ्या गल्लीत वळा हं."

तो वळला नाही. सरळ धक्क्याकडे गेला. मी पाहत होतो. मला तोंड नाही.

सकाळी तो पाण्यात सापडला. हिरुकावा ओला गळपट्टा घेऊन दारोदार फिरला. "कुणाचा हा?"

"कुणास ठाऊक, साहेब."

साऱ्या गल्लीला ठाऊक होतं.

कुसाकाबे काठी टेकत आले. माझ्याखाली उभं राहून त्यांनी समोरून जाणाऱ्या साकिएबाईला हाक मारली. "साकिए, मला तरी सांग. कुणी पाहिलं त्याला?"

तिचे डोळे सुजलेले होते. "तुम्ही होतात तेव्हा सांगितलं असतं," ती म्हणाली आणि गाडी ढकलत निघून गेली. म्हातारे जमादार टोपी हातात धरून धक्क्याकडे चालू लागले.

आता मला रोज वेळेवर लावतात. उजेड काचेतून आत, काका बसायचे त्या रिकाम्या खुर्चीवर पडतो. मला विझवा. नाहीतर एखादा परका मला बघून मदतीच्या आशेनं आत शिरेल.