सात माणसांचं लोखंड

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. म्या घेते. हावगेप्पा. त्यानं माझं ऐकलं न्हाई, मग म्या कामून रीत पाळू?

आमचं गाव जनवाड्याच्या पलीकडं, तांबड्या दगडाच्या उतारावर. वर वीरभद्राचं देऊळ, खाली वेस. जत्रंला रथ देवळापासून वेशीपर्यंत उतरतो. दोरखंडाला अख्खं गाव असतं, पर रथ थांबवायचं काम एकाच घराचं, आमचं. चाकाखाली तिरपी लाकडी पाचर सरकवायची की चाक अडतं. एकाच अंगानं सरकवली की रथ वळतो. माझ्या आज्जेसासऱ्यानं केलं, सासऱ्यानं केलं, मग हावगेप्पानं. धडधडत येणाऱ्या चाकापुढं वाकून पळायचं, पाचर घालायची आन् हात काढून घ्यायचा. घराण्याचा मान म्हणे! त्या मानाचं वर्षाला एक नारळ आन् एक फेटा मिळायचा.

बीदरला आगगाडी येऊन दोन-तीन वर्षं झाली असतील, तवाच्या साली प्लेग आला. उंदरं पडायला लागली तसं गाव रानात गेलं. आमी कडब्याच्या खोपीत, आन् कापसाचा व्यापारी शिवशंकरप्पा आपल्या सरकी काढायच्या जिनाच्या पत्र्याखाली. माझी लेक भागम्मा खोपीतच प्लेगानं गेली. पोरगी लग्नाच्या वयाला आली होती. शिवशंकरप्पाच्या घरातली सातच्या सात माणसं धडधाकट घरी आली. तवा त्यानं नवस फेडायचं काढलं. घरातल्या एकेका माणसाच्या वजनाचं लोखंड रथाला द्यायचं.

आता लोखंडच कामून? तर रथ जुना, चौकट ढिली झालेली. अंबाजी सुतारानं आदल्या जत्रंलाच पंचांना सांगून ठेवलं होतं की थोडा अँगल लावावा लागंल. अँगल म्हंजे काटकोनात वळलेली लांब लोखंडी पट्टी. जिनाचं छत त्याच्यावरच उभं हाय, रेल्वेच्या पुलाला बी तोच. लाकडाच्या कोपऱ्याला बसवून बोल्ट मारला की दोन्ही लाकडं घट्ट धरतो. अंबाजीला पाहिजे होता बारीक, दीड इंची, फुटाला शेराच्या आसपास भरणारा. आन् तो बी खाली, आसावरच्या चौकटीला. शिवशंकरप्पानं हैदराबादेहून आणवला तीन इंची, जाडजूड, फुटाला साडेतीन शेर. बारीक अँगल लोकांच्या नजरंत भरत न्हाई म्हणे!

कापसाचे बोजे तोलायच्या काट्यावर तुला झाली. पहिली बसली त्याची म्हातारी, नागव्वा, अंगावर घरातलं सगळं सोनं घालून. वर पोटभर जेवून आली होती, वजन जास्त भरावं म्हणून. गाव हसलं, म्या बी हसले. हसायला काय जातंय! मग बायकू, पोरं, सुना. एका पारड्यात माणूस, दुसऱ्यात अँगलचे तुकडे. सगळं मिळून दहा मणाच्या वर गेलं. एकेका तुकड्यावर पांढऱ्या रंगानं एकेकाचं नाव घातलं आन् तो सगळा बोजा रथाच्या वरच्या मजल्याला, कळसाच्या खाली चढवायला काढला.

अंबाजी म्हणाला, "अण्णा, हे खाली लावू द्या. वर लावलं तर रथ डोकं जड होऊन झुलंल."

"खाली चिखल उडतोय," शिवशंकरप्पा म्हणाला. "माझ्या आईच्या नावावर चिखल उडवतोस व्हय?"

अंबाजीनं वरच बोल्ट मारले. जिनाचं सुतारकाम त्याच्याकडंच होतं. पर संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसला आन् हावगेप्पाला म्हणाला, "औंदा उतारावर रथ पाचरीचं ऐकणार न्हाई. वरचं वजन पुढं लोटंल. जपून ऱ्हा."

हावगेप्पा हसला. "माझा बाप ह्या उतारावर म्हातारा झाला अंबाजी. रथ मला ओळखतोय."

रथ ओळखतोय! लाकडाला डोळे फुटले जणू! दुसऱ्या दिवशी म्या तडक शिवशंकरप्पाच्या दुकानात गेले. गिऱ्हाईकं होती, असू दे म्हणलं.

"अण्णा, वरचं लोखंड उतरवा. निदान निम्मं तरी उतरवा. माझा माणूस चाकापुढं असतोय."

त्यानं पान बाजूला ठेवलं. रागावला न्हाई, तेच वाईट. लेकराला समजवावं तसं म्हणाला, "कुणाचं उतरवू, निलम्मा? आईचं? धाकट्याचं? का पोटुशी सून हाय तिचं? एकेक माणूस देवाच्या पायाशी बसवलंय म्या. आता नाव खाली काढलं आन् घरात काही झालं, तर तू येशील भरून द्यायला?"

गिऱ्हाईकांनी माना डोलावल्या. एक म्हातारा तर "शिव शिव" म्हणाला, म्या कुणाचा गळा दाबायला आल्यावाणी.

"आन् माझ्या माणसाला काही झालं तर?"

"देव राखतोय."

"भागम्माला राखलं व्हय?"

त्यानं खाली बघितलं. "ज्याचं त्याचं नशीब," म्हणाला.

माझ्या हाताला तिथला अदमण्या, अर्ध्या मणाचं माप, लागला असता तर त्याच्या टाळक्यात घातला असता. ह्याची माणसं वाचली तर नवस, आन् माझी मेली तर नशीब! म्या म्हणलं, "अण्णा, तुमच्या थोरल्याला उभा करा चाकापुढं. मग बघू किती मण चढवताय." तर तो म्हणाला, "मान तुमच्या घराचा हाय. आमी कसा घ्यावा?" असं गोड बोलणारं तोंड देव कुणाला देऊ नये.

घरी आले तर हावगेप्पा अंगणात पाचरींना तेल लावायलाय. म्या म्हणलं, "ओ, औंदा आजारी पडा. ताप आला म्हणा. कुणी बघायला येत न्हाई."

"लोक काय म्हणतील? बायकूच्या पदराखाली लपला?"

"म्हणू द्या की! म्हणून कुणाचं हाड मोडत न्हाई."

"दुकानात जाऊन माझी अब्रू घालवलीस, तेवढी पुरे," म्हणाला आन् पुन्हा तेल लावायला लागला. आमचा मल्लिकार्जुन शेजारी बसून चिंधी धरायलाय. नुकतंच लगीन झालेलं पोर, त्याला बी बापाचंच खरं वाटायचं. दोघं मिळून माझ्याकडं असं बघायलेत जसं काय म्याच येडी!

जत्रंच्या दिवशी रथ निघाला. हलगी, सनई, भंडारा. वर नवी नावं चमकायली. "वीरभद्र महाराज की जय" म्हणून दोर ताणला आन् रथ उताराला लागला. लागला तसा वरचा मजला पुढं कलला, मागं आला, पुन्हा पुढं. दोरावाले ओढेनात तरी रथ येतोय. हावगेप्पानं पाचर घातली. बरोबर घातली, त्यात खोट न्हाई. चाक तिच्यावर चढून पलीकडं उतरलं. अंबाजी ओरडला, "सोड, बाजूला हो!" हावगेप्पानं दुसरी घातली. मान हाय न्हवं घराण्याचा! दुसरी बी उडाली आन् चाक त्याच्या गुडघ्याखालच्या पायावरून गेलं.

रथ पुढं पिंपळाच्या कट्ट्याला धडकून थांबला. लोक आधी वर बघायले, कळस ढळला का म्हणून. म्या एकटी खाली बघत होते.

बैलगाडीत घालून बीदरच्या दवाखान्यात नेला. डावा पाय गुडघ्यापासून काढला. घरी आणला तवा त्याचं तोंड ओळखू येत न्हवतं. तरी पहिलं काय विचारलं असंल? "रथ वेशीपर्यंत गेला का?" म्या उठून बाहेर गेले, न्हाईतर माझ्याच हातून काही झालं असतं.

मग एका सोमवारी शिवशंकरप्पा आला. मागं गडी, गड्याच्या डोक्यावर ज्वारीचं पोतं. बाजंच्या कडंला बसला, हावगेप्पाच्या खांद्यावर हात ठेवला, डोळ्यांत पाणी बी आणलं.

"हावगेप्पा, पुढच्या जत्रंला तुझी बी तुला करतो. माझ्या खर्चानं. माझ्या घरच्या सातांच्या शेजारी आठवं नाव तुझं. चालंल न्हवं?"

म्या म्हणलं, "करा की अण्णा. आता एक पाय कमी हाय, लोखंड बी कमी लागंल."

शिवशंकरप्पाचं तोंड उतरलं. पर हावगेप्पा! अहो, त्या माणसानं हात जोडले. बाजंवर पडल्या पडल्या हात जोडले आन् ढसाढसा रडला, आनंदानं. "सात पिढ्यांत कुणाचं नाव रथावर चढलं न्हाई अण्णा," म्हणाला. आन् मल्ल्याकडं वळून म्हणाला, "आता पाचर तू धर, बाळा."

मल्ल्यानं मान डोलावली. मागं दारात त्याची बायकू उभी होती, भिताडाला धरून, पांढरी पडलेली. तिनं माझ्याकडं बघितलं. ते बघणं मला कळलं, कारण तसंच म्या दुकानात शिवशंकरप्पाकडं बघितलं होतं.

माझं बोलून झालं होतं. आत गेले, कोनाड्यातल्या पाचरी काढल्या, चारीच्या चारी, आन् चुलीत घातल्या. बाभळीचं लाकूड, तीन पिढ्यांचं तेल प्यालेलं, भुरकन पेटलं. वास ओसरीवर गेला तसा हावगेप्पा बोंबलायला लागला. मल्ल्या पळत आला, हात घालायला बघतोय. म्या उलथनं उगारलं. "हात घाल, भाजून काढते. गावाला हौस असंल तर अंबाजी नव्या करून दील, धरणारा बी गाव शोधंल. ह्या घरातला न्हाई."

शिवशंकरप्पा कधी उठून गेला ते बी कळलं न्हाई. ज्वारीचं पोतं तिथंच होतं. त्याच जाळावर म्या त्यातल्या ज्वारीच्या भाकरी केल्या, पीठ सुनेनं दळून दिलं. हावगेप्पा तोंड फिरवून पडला होता, शिव्या द्यायलाय, देवाचा कोप होईल म्हणायलाय.

"होऊ द्या," म्हणलं. "उठा, गरम हाय तवर खा."