अदेलिनोच्या शर्टांमधलं अंडं

मी जात्याच मत्सरी बाई आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी मला शहाणपण शिकवायला नको. अदेलिनोशी लग्न होऊन सव्वीस वर्षं झाली. त्यातली बावीस इथे लक्झेंबर्गमध्ये, याच इमारतीच्या तळमजल्यावर गेली. तो भिंतींना गिलावा करतो, मी जिने पुसते आणि इमारतीवर लक्ष ठेवते. एवढ्या वर्षांत त्याने कुणाकडे वाकड्या नजरेने पाहिलं नाही, पण पाहतोय का ते पाहायचं मी कधी सोडलं नाही.

मग तिसऱ्या मजल्यावर जुसारा राहायला आली. ब्राझीलची, बाविशीतली. भाषा आम्हा पोर्तुगालवाल्यांचीच, पोर्तुगीज. पण तिच्या तोंडून ती अशी पाघळत यायची की ऐकणारा जिन्यातच उभा राहावा. गुडघ्यापर्यंत बूट, रंगवलेली नखं. दुपारपासून तिच्याकडे पाहुण्यांची रीघ, सगळे कोटातले पुरुष. फ्लॅट मस्यो तेओ म्हणून एका गृहस्थाच्या नावावर होता. मला पाहिलं की तो मान लववून "बोंजूर मादाम" म्हणायचा. तिला कुठे जायचं असलं की गाडीचं दार उघडून धरायचा. ती एकटी अशी कधी बाहेर पडलीच नाही. मी म्हणायची, काय लाड आहेत बाई एकेकीचे! मला बावीस वर्षांत पावाच्या दुकानापर्यंत कुणी सोडायला आलं नाही.

ईस्टरच्या तीन आठवडे आधी इथे ब्रेत्झेलचा रविवार असतो. पुरुषाने आपल्या आवडत्या बाईला बदाम लावलेला मोठा गोड ब्रेत्झेल द्यायचा. तिलाही तो आवडत असला, तर ईस्टरला तिने त्याला रंगवलेलं अंडं द्यायचं. रीत इथल्या लोकांची, पण आम्हीही ती उचलली. त्या रविवारी अदेलिनो बेकरीतून आला आणि जिन्यातच थांबला. मी दाराआड कान देऊन उभी.

"घे पोरी, खा," तो म्हणत होता. "आणि ईस्टरला अंडं द्यावं लागतं हं, तशी रीत आहे इथली!"

घरात आला तेव्हा त्याच्या हातात अर्धाच ब्रेत्झेल होता.

"बाकीचा उंदरांनी खाल्ला का?"

"वरच्या पोरीला दिला. उपाशी दिसली गं."

"उपाशी! तिला काय कमी आहे?"

"ओदिलिया, आपल्या लेकीएवढी, सांद्राएवढी आहे ती."

"आपली सांद्रा असले बूट घालत नाही."

तो बूट काढायला वळला. मी माझ्या वाटचा ब्रेत्झेल तोंडात घातला नाही.

पुढचे तीन आठवडे मी नुसती जळत होते. इस्त्री करताना, जिना पुसताना, दोघांचं बोलणं मनात रचायची. तो काय म्हणाला असेल, त्यावर ती काय म्हणाली असेल. दोघांच्याही वाटचं मीच बोलायची आणि मीच रडायची.

ईस्टरच्या आदल्या दिवशी सकाळी मी धुऊन ठेवलेले कपडे आणायला तळघरात, इमारतीच्या धुलाईखोलीत गेले. जुसारा तिथून निघत होती. मस्यो तेओ नेहमीसारखा दाराशी सिगारेट ओढत उभा. तिने माझ्याकडे टक लावून पाहिलं, मी तोंड फिरवलं. ते दोघं वर गेले आणि मी टोपली उचलली, तर अदेलिनोच्या घडी केलेल्या शर्टांमध्ये अंडं! कांद्याच्या सालीत उकळून तांबूस केलेलं आणि त्यावर टाचणीने बारीक अक्षरं कोरलेली.

माझ्या मस्तकात तिडीक गेली. चष्मा गळ्यात लटकत होता, पण वाचायचंय कुणाला? नवऱ्याला आलेलं प्रेमपत्र मी कशाला वाचू? टोपली तिथेच टाकली आणि अंडं घेऊन तरातरा तिसरा मजला गाठला.

दार मस्यो तेओने उघडलं.

"तुमच्या या बयेला आवरा!" माझ्या मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये मी ओरडले. "माझ्या नवऱ्याला अंडी पाठवते! हे बघा!"

त्याने हसत अंडं फिरवून पाहिलं. "तुमच्या भाषेत दिसतंय. वाचा ना, मलाही कळू दे."

त्याच्या मागे जुसारा उभी होती. तिच्या तोंडावर रक्ताचा थेंब उरला नव्हता. बघू दे आता हिची फजिती, म्हणत मी चष्मा चढवला.

'दोना ओदिलिया, हा मला विकतो. पासपोर्ट काढून घेतलाय. कोंडून ठेवतो. पोलिसांना सांगा.'

नाव माझं होतं. अंडं मला होतं.

"काय लिहिलंय?" मस्यो तेओचं हसू थांबलं होतं.

"लिहिलंय," मी म्हणाले, "'माझ्या अदेलिनो, ब्रेत्झेल गोड होता, तू त्याहून गोड. फक्त त्या म्हातारीला कळू देऊ नकोस.'"

शब्द शोधावे लागलेच नाहीत. तीन आठवडे रचलेलं सगळं धडाधड बाहेर पडलं. 'म्हातारी' म्हणताना मला खरंच रडू कोसळलं आणि त्या रडण्यानेच त्याची खात्री पटली. तो खो खो हसायला लागला.

"मी देतो तिला समज."

"तुम्ही नाही, मी देणार!" अंडं मी जमिनीवर आपटलं आणि चपलेने पार भुगा केला. "नवऱ्यासमोर उभी करते हिला! चल, भवाने!"

त्याला विचार करायला सवड न देता मी तिचं मनगट धरलं आणि तोंडाला येतील त्या शिव्या देत जिना उतरवू लागले. तो वर कठड्याला टेकून मजा बघत होता.

"चेहऱ्याला हात लावू नका हं, मादाम! संध्याकाळी पाहुणे आहेत!"

आत शिरल्याबरोबर मी दोन्ही कड्या लावल्या. अदेलिनो कांदा चिरत होता.

"पोलिसांना फोन कर."

"काय केलंस तू?"

"मी नाही, त्याने. कर आधी!"

थोड्या वेळाने दारावर टकटक झाली, मग बुक्क्या. अदेलिनो पाठ लावून दाराशी उभा राहिला. पोलीस येईपर्यंत दाराची एक बिजागरी निखळली, पण दार तुटलं नाही.

जुसारा थंडीत भिजल्यासारखी कापत होती. अदेलिनोने खुंटीवरचा आपला कोट काढून तिच्या खांद्यांवर टाकला आणि ती तिच्या त्या पाघळत्या आवाजात, नावाआधी मानाचं 'सेऊ' लावून म्हणाली, "उपकार झाले, सेऊ अदेलिनो."

खोटं कशाला सांगू, तेव्हाही मला झोंबलं. मनगट मात्र मी सोडलं नाही.