प्रिम्युलासाठी एसी

प्रिम्युला हे थंड हवेचं झाड. ते मीरा रोडला, पूनम सागरमधल्या तिसऱ्या मजल्यावर मार्चमध्ये फुलवायचं म्हणजे हौसेला मोल नाही म्हणतात तेच. सुचेताला ही हौस भारी. माती ओली ठेवायची पण चिखल होऊ द्यायचा नाही, पाणी पानांवर न ओतता मुळाशी घालायचं, सुकलेलं फूल लगेच खुडायचं, सगळं ती मनापासून करायची. उन्हाचा चटका वाढला तशी तिने गॅलरीतल्या कुंड्या बेडरूममध्ये नेल्या आणि दुपारभर एसी लावून ठेवू लागली.

अडचण एवढीच, की राई गावातलं घर दुरुस्तीला काढल्यामुळे सासरे आत्माराम, म्हणजे अप्पा, तिच्याकडे राहायला आले होते. घरात एसी एकच. ते आत बसले की दार सारखं उघडणार, वर तंबाखूचा वास. अप्पा दिवाळीत एकदा खोकले होते, तेवढ्या भांडवलावर तिने सांगून टाकलं, "अप्पा, एसीनं तुमचा खोकला वाढेल हं." ते "बरं" म्हणाले आणि ओला पंचा खांद्यावर टाकून हॉलमध्ये पंख्याखाली बसू लागले. कुंड्या आत आहेत हे त्यांना कळू नये म्हणून सुचेता दार लावूनच ठेवायची.

एका दुपारी शेजारच्या मंदाताई आल्या. "तुझी ती फुलं बघू तरी," म्हणत त्यांनी सरळ बेडरूमचं दार ढकललं.

"अगंबाई, झाडांना एसी! आणि अप्पा बाहेर घामानं निथळतायत? कमाल आहे तुझी!"

धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं सुचेताला झालं. अप्पा उठून दारात आले होते. त्यांनी फुलांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. आता अप्पा खरं ते बोलणार, आणि उद्या सगळ्या बिल्डिंगला कळणार.

"तिला नका बोलू," अप्पा म्हणाले. "गारवा मनाच सोसत न्हाय. ती रोज बोलावते, मीच जात न्हाय."

मंदाताई ओशाळल्या. फुलांचं तोंडदेखलं कौतुक करून निघून गेल्या.

"अप्पा, आत बसा ना," सुचेता कसंबसं म्हणाली. मान वर करायची तिची हिंमत नव्हती.

"नको गो पोरी. दार लाव, गारवा भायेर जातंय. फुलं सुकतील."

ते परत पंख्याखाली जाऊन बसले. सुचेता कडीवर हात ठेवून उभी राहिली. लाजेनं तिला दार लावताही येईना, आणि उघडं ठेवताही येईना.