जत्रेपासून जत्रेपर्यंत

आमच्या यांच्या, म्हणजे सयाजीरावांच्या, हातातली काठी सुटली आणि फरशीवर खडखडत माझ्या खुर्चीपाशी येऊन थांबली. ती सुटताच हे जागच्या जागी उभे राहिले, पाय जुळवले आणि मान लववली. तेवढ्यात समोर खेळणाऱ्या भाग्यश्रीचा पुढचा वार यांच्या खांद्यावर बसला.

"अगं बाई. काका, लागलं का? तुम्ही थांबलात कशाला?"

"काठी पडली न्हवं."

"मग दुसरा हात होता की. ढकलायचं मला."

शिकवणारी मंजुषा पुढे आली. "काका, आपल्यात काठी पडली म्हणून डाव संपत नाही. उरलेल्या हातानं खेळायचं."

"तुमच्यात न्हाई संपत," हे म्हणाले. "आमच्यात संपतो."

काठी न उचलताच यांनी चपला घातल्या. मी मागोमाग निघाले.

हे मागच्या वर्षीच्या एप्रिलमधलं, चिखलीतल्या एका सोसायटीच्या हॉलमधलं. मंजुषा तळेगावला एका कंपनीत क्वालिटीला आहे. शनिवार-रविवार सकाळी ती कराटे, बॉक्सिंग आणि फिलिपाइन्सची काठी असं सगळं एकत्र शिकवते. ती काठी वेताची, हातभर लांब, एका हातात धरायची. वार बारा, त्यांना आकडे. मंजुषानं आकडा म्हणायचा, बाकीच्यांनी तो वार करायचा.

आमच्या यांना तेव्हा एकाहत्तर चालू होतं. चाकणच्या पुढे आमचं गाव. माझे सासरे तिथले लाठीचे वस्ताद. दर चैत्रात जत्रेला लाठीचे डाव व्हायचे, आणि सासऱ्यांचा नियम एकच होता. ज्याची काठी पडली त्यानं मान लववून मैदान सोडायचं आणि पुढच्या जत्रेपर्यंत काठीला हात लावायचा नाही. आमच्या लग्नाच्या पहिल्याच वर्षी यांची काठी पडली. पोटच्या पोराला सूट मिळेल असं सगळ्यांना वाटलं होतं. मिळाली नाही. वर्षभर हे गोठ्याच्या ओट्यावर बसून दुसऱ्यांचा सराव बघायचे, आणि मी नवी नवरी मनात म्हणायचे, कसल्या घरात येऊन पडले मी.

पुढे हे भोसरीला एका वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेसवर लागले. सत्त्याऐंशी साली त्या प्रेसनं उजव्या हाताची शेवटची दोन बोटं नेली. दवाखान्यात मी रडत होते, आणि हे पट्टी बांधलेल्या हाताकडे बघून म्हणाले, "लाठी दोन हातानं धरत्यात. भागंल."

आणि भागलं. घराजवळच्या मोकळ्या प्लॉटवर यांनी तीस वर्षं पोरांना लाठी शिकवली. मग प्लॉटवर बिल्डिंग आली आणि ते संपलं. सकाळी उठून हे गॅलरीतल्या खुर्चीत बसायचे. चहा गार व्हायचा, पेपरची घडी तशीच राहायची. दुपारी जेवायला तीन हाका माराव्या लागायच्या. मला भीती वाटायला लागली, म्हणून मीच यांना मंजुषाकडे नेलं. वस्तादानं शेवटच्या रांगेत उभं राहायचं, सोपं नव्हतं. पण दोन महिन्यांत घरात लाटण्यानं बारा वार सुरू झाले. पोळ्या करायला मला लाटणं मागून घ्यावं लागे.

फक्त, एका हाताची काठी धरून ठेवतात ती शेवटची दोन बोटं.

घरी आल्यावर मी खांद्याला तेल लावत होते. हे म्हणाले, "आता पुढच्या जत्रेपर्यंत न्हाई."

"मामंजींना जाऊन चौतीस वर्सं झाली. आता कोण बघाया येतंय?"

"मी हाय की."

"या वयात वरीसभर खुर्चीत बसणार? मग उठाल का परत?"

हे सदरा चढवून गॅलरीतल्या खुर्चीत जाऊन बसले.

पुढच्या शनिवारी मंजुषानं नुकतीच घरी सरावाला दिलेली काठी परत द्यायला यांनी मला पाठवलं. स्वतः हात लावायचा नव्हता ना. मी मंजुषाला नियम सांगितला. ती हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही.

"नियम काठीला आहे ना, काकू? हाताला तर नाही?"

"म्हंजे?"

"हेच बारा वार आम्ही रिकाम्या हातानंही करतो. काठी असो-नसो, हात तसाच जातो. काकांना म्हणावं, काठीला हात लावू नका. नुसते या."

मी घरी येऊन तसंच सांगितलं. संध्याकाळी भाजी निवडता निवडता म्हणाले, "बा काठीचं बोलला हुता. हाताचं काय बोलला न्हाई."

मग वर्षभर हे रिकाम्या हातानं गेले. भाग्यश्री चाकणला असेंब्ली लाइनवर आहे, हाताची चपळ. पण हे तिचं मनगट धरून असं पिरगाळायचे की काठी खाली. पडलेल्या काठीला पाय लागू न देता बाजूला व्हायचे.

"काका, रोज माझी काठी पाडता. मग मी पण वर्षभर बसू का?"

"बस की. कंपनी बसू दिल का बघ."

सगळी हसायची. अशा सकाळी घरी येताना यांची पावलं भराभर पडायची.

थंडीत यांच्या उजव्या हातातून चहाचा कप दोनदा निसटला. तिसऱ्या दिवसापासून मी कप डावीकडे ठेवायला लागले. लोणच्याच्या बरणीचं झाकणही सैलच ठेवते.

यंदा एप्रिल संपता संपता मंजुषानं नवी काठी आणली आणि सगळ्यांसमोर दोन्ही हातांनी पुढे केली. "काका, वर्ष झालं. मी तारीख लिहून ठेवली होती."

हे काठीकडे बराच वेळ बघत राहिले. उजवा हात वर आला नाही.

"अजून न्हाई," हे म्हणाले. "औंदा अधिक मास आला न्हवं. जत्रा लांबली."

अधिक आला होता हे खरं. जत्रा लांबली होती हेही खरं. पण आठ दिवसांपूर्वी ती झालीसुद्धा होती. आम्ही दोघं जाऊन आलो होतो, रेवड्या अजून घरात होत्या.

मंजुषानं माझ्याकडे बघितलं.

"व्हय," मी म्हणाले. "व्हायचीय अजून."

तिनं काठी नेऊन खिडकीत ठेवली. हे शेवटच्या रांगेत आपल्या जागी गेले, सदऱ्याची बाही वर सारली आणि तीन बोटांचा पंजा उघडून उभे राहिले.

मंजुषा म्हणाली, "एक."