हबीबच्या गाडीची अर्थ वायर

कय्युमचं डोकं फिरलंय, असं त्याच्या तोंडावर म्हणायची हिंमत मोहल्ल्यात फक्त माझी. जुनी ऑस्टिन अंगणात लावली की हा आधी बॉनेट उघडणार, जिच्याशिवाय गाडी सुरू होत नाही ती बॅटरीची अर्थ वायर पान्यानं सोडवणार आणि मगच घरात पाऊल टाकणार. बॅटरी उतरू नये म्हणून करतो, असं तो लोकांना सांगे. मी त्याचा शेजारी, शाळेपासूनचा दोस्त. खरं कारण मला ठाऊक होतं.

गाडी त्याच्या थोरल्या भावाची, हबीबची. निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शननंतरच्या वाईट दिवसांत, एका दुपारी कय्युम झोपलेला असताना हबीब कुणालाच न सांगता गाडी घेऊन गेला. गाडी चिकलठाण्याच्या पुढं रस्त्याकडेला सापडली. हबीब सापडला नाही, जिवंतही नाही आणि मेलेलाही नाही. सीटवर निजामाच्या वेळचा एक तांब्याचा हाली पैसा तेवढा पडलेला होता. वायरची पकड बॅटरीवर ढिली बसायची, म्हणून कय्युमनं तोच पैसा ठोकून पातळ केला, वाकवला आणि मध्ये सारायला लागला. वायर सोडवली की तो तुकडा त्याच्या बंडीच्या खिशात जाई. आता माझ्या घरातून कुणी न सांगता जाणार नाही, असं तो मला म्हणाला होता.

त्याची पोरगी रईसा मोठी झाली, पाचोडच्या दवाखान्यात नर्स झाली. गाडी तिला बापानंच शिकवली, पण एकटीला कधी नेऊ दिली नाही. त्या रविवारी एसटी बंद होती आणि पाचोडच्या बाजारात बाया लेकरं घेऊन देवीची लस टोचून घ्यायला येणार होत्या. कय्युम बाहेर गेलेला बघून रईसानं वायर जोडली आणि गाडी सुरू करायला सेल मारला. तांब्याचा तुकडा बापाच्या खिशात. गाडी एकदा कण्हली आणि गप्प झाली. मी माझ्या ओट्यावरून बघत होतो, तेवढ्यात कय्युम फाटकात आला.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो पांढराफटक पडला आणि फाटकाला धरून तिथंच खाली बसला.

"न सांगता निघाली, बद्रीनाथ," तो मला म्हणाला.

माझी सटकली, ओट्यावरून उतरून मी फाटकाशी गेलो. "लई झालं आता. पोरीला काय जन्मभर बांधून ठेवतोस? टोचायला चाललीय ती, पळून नाय चालली."

"तुला बोलायला काय जातंय? तुझा भाऊ घरी हाये."

माझा भाऊ खरंच आमच्या घरात बसून चहा पीत होता.

रईसा हात पुसत बापासमोर येऊन बसली. "पूछती तो तुम जाने देते, अब्बा?"

कय्युम उठला, खिशातून तो तुकडा काढला, पकडीत सारला आणि वायर आवळायला लागला. पाना सारखा निसटत होता. मला त्याची फार कीव आली, पण मी हात लावला नाही. बॉनेट मिटून तो म्हणाला, "बोल."

"क्या बोलूँ?"

"किधर जा रई, बोल."

"मैं पाचोड जा रई, अब्बा. मगरिब के पहले आती."

"फिर से."

तिनं परत सांगितलं. तो डोळे मिटून ऐकत होता. मग म्हणाला, "जा." गाडी एका सेलमध्ये सुरू झाली आणि कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली.

"हबीबभाईनं एवढं सांगितलं असतं," कय्युम म्हणाला, "तर मी त्याला जाऊच दिलं नसतं."

मी दिवसभर घरी गेलो नाही. आम्ही दोघं फाटकाशी बसून राहिलो, जेवणं तशीच राहिली. दिवस मावळायला आला, मगरिबच्या अजानीआधी ऑस्टिन कोपऱ्यावर वळली. कय्युम पाना घेऊन सवयीनं बॉनेटपाशी गेला, गरम पत्र्यावर हात ठेवून जरा वेळ उभा राहिला. मग बॉनेट न उघडताच पाना खिशात टाकला आणि पोरीला विचारलं, "खाना खाई क्या?"